बिनउंबऱ्याचं दार

माझ्या नाकावर राग असतो, हे भोईवाड्यातल्या आमच्या चाळीत सगळ्यांना ठाऊक आहे. पण दार बदललं त्या दिवसांत मी जेवढी ओरडले, तेवढी त्याआधी कधी ओरडले नसेन.

खोलीच्या दाराची चौकट वाळवीने पोखरली होती. नवं दार करायला सुतार आला, त्याने विचारलं, "मॅडम, नीचे उंबरा रखने का क्या? आजकल सब निकालते हैं." मी म्हटलं, काढून टाका. आईला काचबिंदू आहे, उजेड-अंधारापलीकडे तिला फारसं दिसत नाही. रोज चार वाजता ती गॅलरीतून चार खोल्या पलीकडे मैत्रिणीकडे जाते आणि दोघी भाजी निवडत बसतात. दिवसभरात तेवढी एकच गोष्ट ती कुणाचा हात न धरता करते. उंबऱ्याला अडखळून पडली तर तेही बंद होईल, म्हणून मी उंबरा काढायला लावला. आईला यातलं काही सांगत बसले नाही. सांगितलं असतं तर तिने उंबरा पुजायचं काय, म्हणून वाद घातला असता.

दार झकास बसलं. खाली मात्र उंबऱ्याच्या जागी चार बोटं रुंद चर राहिला, त्यात विटांचे तुकडे, जुना चुना आणि झुरळं. सुताराने त्यावर खोक्याचा पुठ्ठा टाकला आणि हत्यारं पिशवीत भरायला लागला. म्हणे, "नीचे का काम मिस्त्री का." लादीवाल्या मिस्त्रीला गाठलं, तर तो म्हणाला, ज्याने उखडलं तोच भरेल. चार दिवस दोघांची ही टोलवाटोलवी चालली आणि माझी तळपायाची आग मस्तकात गेली. जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या जिन्यात उभी राहून मी फोनवर दोघांची बिनपाण्याने हजामत केली. इकडे आई सकाळी हळदीकुंकू घेऊन दाराशी वाकली, तिने पुठ्ठा हाताने चाचपला आणि तशीच आत गेली. चारचं जाणंही थांबलं. ते नवं दार उचकटून सुताराच्या डोक्यात घालावं असं मला वाटत होतं.

पाचव्या दिवशी मिस्त्री काळ्या ग्रॅनाइटची पट्टी घेऊन उगवला. मी रजा टाकून त्याच्या मागे उभी राहिले. "आतली लादी, ही पट्टी आणि गॅलरी, सगळं एका पातळीत पाहिजे. केसभर जरी वर आली तरी काढायला लावीन." त्याने मुकाट्याने तसं केलं. सिमेंटचा माल सुकल्यावर मी अनवाणी पाय फिरवून पाहिला. कुठेही काही लागलं नाही. मी खूश झाले.

रविवारी चार वाजता आई निघाली. दाराची कड सोडून एक पाऊल टाकलं, मग दुसरं, तिसरं, आणि थेट गॅलरीच्या कठड्यावर छातीने आदळली. लागलं नव्हतं फारसं, पण कठडा दोन्ही हातांनी धरून ती तिथेच उभी राहिली. मी तिला आत आणून बसवलं आणि तिच्यावरच खेकसले. एवढं सपाट करून दिलंय, अडखळायला काही ठेवलं नाही, तरी तुला चालता येत नाही? चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

ती म्हणाली, "माका इचारलंस तू? उंबऱ्याक पाय लागलो की माका कळायचा, घर संपला, आता डावीकडे वळूचा. आता घर खंय संपता ता पायाक कळणाच नाय."

त्यानंतर आठ दिवस ती गेली नाही. हात धरून सोडते म्हटलं, तर नको म्हणाली. शेवटी मी मिस्त्रीला फोन केला.

"बाई, केसभर तुम्हीच म्हणाला होतात."

"माहितीय मला. या तुम्ही."

तो आला. पट्टी फोडून काढली. नवी पट्टी किती उंच ठेवायची हे मी सांगायला लागले, तर त्याने हातानेच मला थांबवलं. लादीचे दोन तुकडे चरात टाकून त्यावर पट्टी कोरडीच ठेवली आणि आत हाक मारली, "आजी, जरा पाय लावून बघा." आईने त्याच्या खांद्यावर हात टेकला आणि पाऊल पुढे केलं.

"इतका बस?"

"वाईच वर."

त्याने खाली आणखी एक तुकडा सरकवला. आईने पट्टीच्या कडेवरून अंगठा फिरवला. "हां. आता बरोबर."

मला भयंकर राग आला. एका खोलीत पन्नास वर्षं तिच्यासोबत काढली मी, आणि हा परका माणूस तिला विचारून दोन मिनिटांत मोकळा झाला. माल कालवायला पाणी आणते म्हणून मी आत गेले, मोरीतला नळ पूर्ण सोडला आणि तिथेच उभी राहून रडले.