गंजिफाला तिसरा हवा

गंजिफा हा तिघांचा खेळ. दोघांचा नाही, चौघांचाही नाही. एकशेवीस गोल पाने, प्रत्येकाच्या वाट्याला चाळीस. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचे सगळे याच नियमापाशी येऊन अडते.

आचऱ्याच्या आमच्या घरी गंजिफाचा एक संच होता. माझ्या आजेसासऱ्यांनी तो सावंतवाडीच्या चिताऱ्याकडून करवून आणला होता. पानांची पाठ लाखेची तांबडी, पुढच्या बाजूला दहा अवतारांचे दहा रंग. माशाचा, कासवाचा, शंखाचा, कमळाचा. रामाचा रंग बाणाचा, कृष्णाचा गाईचा. प्रत्येक रंगात एक राजा, एक प्रधान आणि एक ते दहा. दिवसा खेळायला बसलात तर ज्याच्या हातात रामाचा राजा त्याने डाव उघडायचा. दिवे लागले की तो मान कृष्णाच्या राजाकडे जातो.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, रोज दुपारी तीनला पडवीत पांढरी चादर अंथरत. जोडीला एक निवृत्त गुरुजी आणि एक तांडेल. तांडेलाने उभा जन्म मुंबई-वेंगुर्ला गलबते नेली होती. आता गलबत नव्हते, फक्त आवाज उरला होता, समोरच्या माणसाशीही वाऱ्यावर ओरडल्यासारखा बोलायचा. सासूबाई मी लग्न होऊन येण्याआधीच गेलेल्या. माझे यजमान मुंबईला नोकरीत, मे महिन्यात आणि गणपतीच्या चवथीला यायचे. मामंजी घरात फार बोलत नसत. चादरीवर बसले की बोलत.

गुरुजी एका थंडीत गेले. त्यांचे दिवस झाल्यावर मामंजींनी सवयीने चादर अंथरली, पेटी उघडली, पाने पुसली. मी चहा घेऊन गेले तर दोघे म्हातारे एकमेकांकडे बघत बसले होते.

"पाना कित्या पुसतंस?" तांडेल म्हणाला. "तिसरो काय समुद्रातसून येतलो?"

मामंजींनी कप घेतला आणि माझ्याकडे पाहिले. "हंय बस गो."

"मी?"

"तुका आकडे समाजतत. दिवसभर याद्यो करतंस. बस."

"सुनेक डावार बसयतंस?" तांडेल ओरडला. "गाव काय म्हणतलो?"

"गावाक सांग, कोणतरी तिसरो होवन ये. मगे ती उठात."

गावातून कोणी आले नाही. मी बसले. पदर खोचून, पाठ भिंतीला न लावता, चाळीस पाने पंख्यासारखी धरायला मला महिना लागला. काही रंगांत दश्शी मोठी, काहींत एक्का मोठा. मी ते वहीत लिहून काढले आणि चूल पेटवताना पाठ केले. दोन वर्षे आम्ही तिघे खेळलो. मामंजींच्या हातात बरे पान आले की ते डावा कान खाजवत. त्यांना ते ठाऊक नव्हते. मी कधी सांगितले नाही, आणि त्या खुणेचा फायदाही घेतला नाही. एकदाच घेतला.

मग तांडेलाला खोकला लागला. पावसाळा गेला तरी खोकला गेला नाही. एका संध्याकाळी पाने मोजून पेटीत ठेवताना मामंजी म्हणाले, "ह्यो गेलो की तू आणि मी. मगे पेटी बंद."

शांतपणे म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी नारळ पाडायला आलेल्या माणसाला त्यांनी विचारले, "तुका गंजिफा येता?" तो हसला. संध्याकाळी पोस्टमनला विचारले. ज्या माणसाने कधी कोणाकडे मीठ मागितले नाही, तो येणाऱ्याजाणाऱ्याला खेळगडी मागत होता. मला ते बघवेना.

मी वही घेतली. अडचण आली की मी वही घेते, तेव्हाही तेच केले. माणसे का येत नाहीत ते डावीकडे लिहिले, काय करता येईल ते उजवीकडे. खेळ अवघड वाटतो, तर दहा रंगांचा तक्ता करून पडवीच्या भिंतीला लावायचा. पहिला आठवडा पाचच रंगांनी शिकवायचे. वेळ नक्की हवी, तीन ते दिवेलागण, त्यापुढे कोणाला अडकवायचे नाही. चहा, आणि काजू भाजलेले असतील तर काजू. शेवटचे कलम तांडेलासाठी होते: नवीन माणूस चुकला तर हसायचे नाही.

"हसाक नको?" तांडेल म्हणाला. "मगे येवचा कित्याक?"

पण त्याने कलम पाळले. पाळताना खोकला काढायचा, तेवढेच.

पहिला शिंपी आला, कारण त्याचे दुकान आमच्या आवाठातच, चार घरांपलीकडे होते. त्याच्या मागून शाळेचे मास्तर. मग दवाखान्यातला कंपाउंडर, वाणी, पोस्टमन, मागाहून वाडीतले तिघे शेतकरी. मुंबई राज्याचे महाराष्ट्र झाले त्या वर्षी आमची मंडळी नऊ झाली, तांडेल धरून. पडवी भरायला लागली. तक्त्यापुढे उभे राहून वाणी आपल्या बायकोला रंग समजावून सांगत होता, ते मी स्वयंपाकघरातून ऐकले आणि त्या दिवशी मला खरेच वाटले की आपण काहीतरी जमवले.

संच एकच, बसणार तिघे, माणसे नऊ. म्हणून मी पाळ्या लावल्या. सोमवार देवाचा, त्या दिवशी बंद. उरलेल्या सहा दिवसांत प्रत्येकाला दोन पाळ्या. मंगळवार-शुक्रवार हे तिघे, बुधवार-शनिवार ते तिघे, गुरुवार-रविवार उरलेले. प्रत्येकाला त्याची पाळी चिठ्ठीवर लिहून दिली. कोणी विसरू नये म्हणून आदल्या दिवशी निरोप धाडायची. क्वचितच कोणी बुडी मारी.

मामंजींचे आणि माझे नाव मी यादीच्या तळाशी लिहिले. समोर लिहिले: राखीव. कोणी आला नाही तर घरच्यांनी बसायचे.

हे लिहिताना माझा हात अडखळला नाही. आमच्याकडे पाहुण्यांची पंगत आधी उठते, घरची माणसे मागाहून जेवतात. मामंजींनी स्वतः कधी पाहुण्याच्या आधी पाटावर बसलेले मी पाहिले नाही. त्यांना यादी दाखवली. त्यांनी चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचली.

"बरी केलंस," म्हणाले.

तांडेलाला यादी वाचून दाखवली तेव्हा तो म्हणाला, "म्हाताऱ्याक राखीव ठेवलंस? गलबतार फाटक्या शिडाच्या जाग्यार दुसरा शीड ठेवतत, तसो?"

सगळे हसले. मामंजीही हसले. मीही.

त्यानंतर मामंजी भिंतीजवळच्या खुर्चीवर बसू लागले. तीनला पेटी आणून द्यायचे, पाने पुसून द्यायचे, संध्याकाळी एकशेवीस मोजून परत ठेवायचे. मधल्या वेळात बघायचे. पहिल्या दिवसांत ते मागून बोलत, "कासवाचो प्रधान दाबून ठेव रे, आत्ता नको." त्याने शिंप्याचा गोंधळ होई. एकदा तो चिडून पान टाकून बसला. मी त्या संध्याकाळी मामंजींना म्हटले, "मागून सांगितले की नवीन माणसांचा विरस होतो." वहीत नवे कलम घातले: मागून बोलायचे नाही.

"बरां," ते म्हणाले. आणि नंतर एक अक्षर बोलले नाहीत. कधीमधी मला विचारत, "आज कोण चुकता?"

"नाही मामंजी, तिघेही येतायत."

"बरां."

असे किती वेळा विचारले, ते मात्र मी कुठे लिहून ठेवलेले नाही. वर्षभरात ते चादरीवर चारदा बसले. एवढे आठवते, कारण चारही वेळी त्यांनी पंचा बदलून धोतर नेसले होते.

पुढच्या पावसाळ्यात त्यांनी अंथरूण धरले. मालवणहून डॉक्टर आले, छाती तपासली आणि मला बाजूला नेऊन सांगितले की हृदय थकले आहे, सांभाळा. मी यजमानांना पत्र टाकले. बोटी पावसात बंद, ते कोल्हापूरवरून एस.टी.ने येणार होते. पडवीतला खेळ मी चालू ठेवला, कारण मामंजींनी तसे सांगितले. खाटेवरून त्यांना पानांचा आवाज ऐकू येई. लाखेची पाने एकमेकांवर पडतात तो टपटप आवाज.

श्रावण लागायला आठवडा असेल. सोमवार होता. जेवण झाल्यावर मामंजी उशीला टेकून बसले. चेहरा बराच स्वच्छ दिसत होता. म्हणाले, "गो, आज डाव मांड. माका बसूचा आसा."

"आज सोमवार, मामंजी. उद्या मांडूया."

त्यांनी बोटांवर मोजले. मग म्हणाले, "तू आसस, मी आसय. एकच होयो."

मी इरले डोक्यावर घेतले आणि निघाले. एक माणूस आणायचा होता, नऊ जणांतला एक. पोस्टमन टपाल घेऊन पलीकडच्या वाडीत गेला होता. मास्तर मालवणला. कंपाउंडर दवाखान्यात, बाहेर रोग्यांची रांग. तांडेल नक्की उठून आला असता, पण त्याची सून म्हणाली, "ते मिठबावाक गेले, लेकीकडे. बुधवारी पाळी आसा म्हणान बुधवारी दुपारी येतलत."

शिंपी दुकानात होता. पुढ्यात कापड पसरलेले, कातर अर्ध्यावर.

"वयनी, आज माझी पाळी खंय?" तो म्हणाला. "माझी गुरुवारी. तुमीच लिवन दिलास. आज बंद म्हणान चवथीचे सदरे कापूक घेतलंय."

"मामंजी विचारत होते," मी म्हटले.

"बरे आसत मां? गुरुवारी येतंयच मी. तेंका सांगा."

त्याचे काय चुकले? मी पुढचे बोलायला हवे होते. पण माणूस जाणार आहे हे तोंडाने बोलायचे नसते, आणि तिन्हीसांजा जवळ आलेल्या. मी "बरे" म्हटले. वाण्याकडे गेले. त्यानेही मला माझीच चिठ्ठी काढून दाखवली. शेतकरी तिघेही लावणीला गेलेले.

घरी आले तर मामंजींनी खाटेवर चादर पसरली होती. पाने वाटली होती. तीन वाटे. एक त्यांच्या हातात, रंगवार लावलेला. एक माझ्यासाठी. तिसरा पालथा, खाटेच्या कडेला, जिथे माणूस बसला असता तिथे.

"तिसरो मेळलो?"

"येतायत," मी म्हटले. आयुष्यात मी त्यांच्याशी खोटे बोलले ते तेवढेच.

मी माझी पाने उचलून लावली. आम्ही थांबलो. पाऊस कौलांवर धरून होता. त्यांनी डावा कान खाजवला. काही वेळाने पुन्हा खाजवला. मी म्हटले, "मामंजी, त्या वाट्याची पाने मी खेळते. दोन्ही हात मीच खेळते."

"बघितलेल्या पानांचो खेळ कसलो?" ते म्हणाले. "येवंदे तेका."

खोलीत काळोख होत गेला. मी उठून कंदील लावला आणि देवापुढे वात. परत आले तर त्यांनी हातातून एक पान काढून चादरीवर उताणे ठेवले होते. रामाचा राजा. दुपारपासून तो त्यांच्याच हातात होता. डाव त्यांनीच उघडायचा होता.

त्यांनी कंदिलाकडे पाहिले आणि राजा उचलून परत पानांत खोवला.

"दिवो लागलो. आता कृष्णाचो मान. तुझ्याकडे आसा?"

मी पाहिले. दोनदा पाहिले. "नाही."

"माझ्याकडेय नाय." त्यांनी तिसऱ्या वाट्याकडे पाहिले. "मगे तेच्याकडे आसतलो."

आणखी थोडा वेळ ते चाळीस पाने धरून बसले. मग हात दुखायला लागला असावा. पाने मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "ऱ्हवांदे गो. तू जेव."

मंगळवारी ते बोलले नाहीत. मी निरोप पाठवून त्या दिवसाच्या तिघांना येऊ नका म्हणून कळवले. बुधवारी पहाटे ते गेले. यजमान त्याच सकाळी पोचले. अकराच्या आत सगळे उरकले. स्मशानात नऊपैकी आठ जण होते, आणि कोणाला निरोप धाडावा लागला नव्हता.

दुपारी तीनला तांडेल आला. मिठबावहून परस्पर, होडीने आणि चालत, गुडघ्यापर्यंत चिखल. त्याला वाटेत कोणी भेटले नव्हते. पडवीत चादर नाही, खुर्ची रिकामी, यजमान दिवसांचे विचारायला भटजींकडे गेलेले, मी भिंतीला टेकून बसलेली. तो नेहमीच्या आवाजात म्हणाला, "काय गो, आज बुधवार मां? पाळी माझी. पेटी खंय?"

मी आत बोट दाखवले. तो दारापर्यंत गेला आणि त्याने रिकामी खाट पाहिली. उशाशी तीन वाटे तसेच ठेवले होते, मी दोऱ्याने बांधून. तो परत येऊन माझ्यासमोर जमिनीवर बसला. त्याचा आवाज इतका खाली आलेला मी त्याआधी ऐकला नव्हता.

"कधी मांडलेलो डाव?"

"सोमवारी."

"सोमवारी," तो म्हणाला. "माका कळयलंस नाय? मी रातोरात चलत इलो असतंय."

माझ्या वहीत बुधवारपुढे त्याचे नाव होते. मी उठून चहा ठेवला. सवयीने तीन कप भरले, मग एक परत पातेल्यात ओतला.