एको नसलेला मिक्सर

तुमच्या गावात रिक्षावर भोंगा बांधून जो आवाज फिरतो, तो कोणाचा असतो आणि त्याला बोलायला कोणी लावलेलं असतं, हे तुम्ही कधी विचारलंय का?

मला विचारायची खोड आहे. आमच्या घरात पुस्तकं थोडी आणि पत्रकं ढीगभर. जयंतीची, शिबिरांची, वाचनालयाच्या मागणीची, मोर्चांची. बाबा ती गावोगाव वाटायचे आणि उरलेल्यांच्या कोऱ्या पाठीवर मी बाराखडी गिरवली. बाबांचा एक नियम होता: पत्रक खालून वाचायचं. आधी तळाची बारीक ओळ, प्रकाशक कोण, छापलं कुठं. मग वर जायचं. "वरती सगळेच गोड बोलतात," ते म्हणायचे. "ज्याला तळाशी नाव घालायची लाज वाटते, त्याचं पत्रक चुलीत घाल."

भोंग्याला तळाची ओळ नसते. मी स्वतः आवाज देण्याचं काम करते, ऑनलाइन धड्यांना, छोट्या जाहिरातींना, त्यामुळे हे मला जास्तच टोचतं.

आमची वस्ती राजुरीच्या अलीकडे, उसाच्या पट्ट्यात. तोडणी सुरू झाली की बिबट्याचं लपण संपतं आणि तो मोकळा फिरायला लागतो. यंदाच्या हंगामात कॅनॉलच्या कडेला त्याचे ठसे दिसले. वनखात्याने तिथे पिंजरा लावला आणि पंचायतीने रिक्षा फिरवली. रेकॉर्डिंग शहरातल्या कुठल्याशा स्टुडिओतून आलं होतं. एक गोड बाई आणि तिच्या मागे भला मोठा एको. "सर्व नागरिकांना विनंती... नंती... नंती... बिबट्या... ट्या... ट्या..." पोरं दिवसभर एकमेकांच्या मागे "ट्या ट्या" करत धावली. कॅनॉलचा रस्ता पहाटे वापरू नका, हे त्यातलं एकमेव कामाचं वाक्य कोणालाच कळलं नाही.

माझी आत्या आमच्याकडेच राहते. ती बायांच्या टोळीबरोबर कांदालागणीला जाते, उजाडायच्या आत, कॅनॉलच्याच रस्त्याने. रिक्षा दारावरून गेली तेव्हा ती अंगणातच होती.

"ऐकलंस ना?" मी विचारलं.

"ऐकलं की. गादीवाला आला व्हता." गाद्या विकणाऱ्याची रिक्षाही आमच्याकडे अशाच एकोत ओरडत फिरते.

मी तिला सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "मला कळलं गं. पण टोळी कॅनॉलनंच जातीया. मी एकटीच डांबरीनं जाऊ व्हय? आन त्या बायांना म्या सांगितलं तर म्हणतील, रिक्षा गाद्या इकत व्हती, तुला कुठनं बिबट्या ऐकू आला?"

दुसऱ्या दिवशी पहाटे ती टोळीबरोबर कॅनॉलनेच गेली. ती परत येईपर्यंत मी दारात उभी होते.

सरपंचांकडे जाऊन मी तावातावाने बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मंग तूच करून दे. आवाजाचंच काम करतीस ना? उद्या संध्याकाळपर्यंत दे, रिक्षा परत फिरवू."

आता माझा स्टुडिओ म्हणजे काय, तर धान्याच्या कोठीशेजारचा कोपरा, तिन्ही बाजूंनी गोधड्या टांगलेला. तोवर मी मोबाइलवरच आवाज भरत होते आणि त्यात शेजारची मोटर, कोंबडा आणि हायवेचे हॉर्न फुकट भरले जायचे. शहरातलं काम सोडलेल्या एका मैत्रिणीने तिचा चांगला माईक मला दिला होता, पण तो नुसता पडून होता. त्या माईकला आवाजाच्या मिक्सरमधून वीज मिळावी लागते. धंद्यात तिला फँटम म्हणतात. मला दोनच गोष्टी हव्या होत्या: फँटम, आणि यूएसबीच्या वायरने आवाज सरळ लॅपटॉपमध्ये जाणं.

"मिक्सर घ्यायचाय," मी घरात जाहीर केलं.

"हाय तो चालतोय की," आत्या म्हणाली. "चटणी व्हतीया बारीक."

ऑनलाइन मागवायला वेळ नव्हता. शिवाय तिथल्या अभिप्रायांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. पाचच्या पाच तारे आणि सगळ्यांची भाषा एकाच हाताने लिहिल्यासारखी. मिक्सरची ओळख करून देणारे व्हिडिओ पाहिले. प्रत्येक जण सुरुवातीला म्हणतो, मी प्रामाणिकपणे सांगणार, आणि शेवटी म्हणतो, खालच्या दुव्यावरून विकत घ्या. तळाची ओळ तिथे होती, फक्त ती वाचून माझा राग वाढला.

म्हणून सकाळीच माईक, लॅपटॉप आणि हेडफोन पिशवीत घालून एसटीने मंचर गाठलं. हायवेला लागून मांडव आणि साउंडवाल्यांचं एक दुकान आहे. दारातच माणसाएवढे स्पीकर. मालक चाळिशीचे, खुशीत. मी पिशवीतून एकेक वस्तू काउंटरवर मांडायला लागले तसे ते हसले.

"ताई, मिक्सर घ्यायला आलाय का पोरगी बघायला?"

"पोरीला तर एवढंही कोणी विचारत नाही, भाऊ. छोटा मिक्सर दाखवा. फँटम पाहिजे आणि यूएसबी पाहिजे."

"यूएसबी हाय की! ब्लूटूथ पण हाय. आन एको तर असा हाय, की घसा बसलेला माणूस पण गायक वाटतोय. चतुर्थीला ओझरच्या रस्त्याला निम्म्या स्टॉलवर आपलाच माल असतोय."

त्यांनी खोका पुढे सरकवला. मी तो उलटा करून तळ वाचायला लागले. बनवला कुठे, ते नव्हतं. आयात कोणी केला, ते इतकं बारीक की अक्षरं एकमेकांत मिसळलेली. त्याखाली एक ओळ मात्र ठळक होती: चित्र प्रत्यक्ष वस्तूपेक्षा वेगळं असू शकतं.

"हे काय, भाऊ?"

"समद्यांवर असतंय ते."

"म्हणजे सगळेच वेगळी वस्तू देतात?"

"तुमी पेपरात हाय का वं?"

मिक्सर चालू झाला. निळे, लाल, हिरवे दिवे, देवीच्या मांडवासारखे. मी यूएसबीची वायर लावून लॅपटॉपला जोडली. लॅपटॉपला काहीच दिसेना. वायर काढली, फिरवली, पुन्हा लावली. काही नाही. माझं डोकं तापायला लागलं. हीच ती फसवणूक, मी मनात म्हटलं, दिवे सगळे आणि आत पोकळ.

"यूएसबी चालत नाही याची."

"चालत न्हाई?" त्यांना खराच अपमान वाटला. त्यांनी खिशातून पेन ड्राइव्ह काढला, त्याच भोकात खुपसला आणि दुकान दणाणलं. हळदीचं गाणं, वर एको. रस्त्यापलीकडचा चहावाला नाचून दाखवायला लागला. "आता बोला! यूएसबी न्हाई म्हणं!"

तेव्हा मला कळलं. आमच्याकडे ट्रॅक्टरला यूएसबी असते, पिकअपला असते, मांडवातल्या डब्याला असते आणि सगळीकडे तिचा अर्थ एकच: पेन ड्राइव्ह लावा, गाणी वाजवा. गाणं आत घेणारं भोक. मला हवं होतं आवाज बाहेर नेणारं. मालक खोटं बोलत नव्हते. खोटं खोकाही बोलत नव्हता. त्याने फक्त तीन अक्षरं छापली होती आणि पुढचं वाक्य गाळलं होतं. पत्रकं वाचून मोठी झालेली मी, गाळलेल्या वाक्यावर जास्त चिडते. खोटं निदान पकडता येतं.

मी त्यांना फरक सांगितला. त्यांनी कान खाजवला.

"म्हंजी वाजवायचा न्हाई, भरायचा हाय?"

"भरायचा आहे."

"मंग आधी सांगायचं ना, राव."

ते आत गेले आणि कपाटाच्या मागून एक करडी डबी घेऊन आले. हाताच्या पंजापेक्षा थोडी मोठी. दोन माईकची भोकं, मोजकी बटणं, एकच दिवा. धूळ पुसली तर खाली करडाच रंग.

"ही कोणी घेत न्हाई. परत पाठवायची व्हती."

"का घेत नाही?"

"एको न्हाई हिच्यात."

ज्या वस्तूला गिऱ्हाईक नाही, ती दुकानदार पुढे करतो तेव्हा संशय घ्यावा, हे मला माहीत होतं. घेतला. खोक्याचा तळ वाचला. कुठे बनवली ते स्वच्छ लिहिलं होतं, आणि यूएसबीपुढे आणखी दोन शब्द होते, संगणकाला जोडण्यासाठी. तरी मी म्हटलं, लावून दाखवा. लॅपटॉपने तिला लगेच ओळखलं. माईक जोडला, फँटमचं बटण दाबलं, हेडफोन कानावर चढवले.

हायवेवरच्या ट्रकचा ब्रेक ऐकू आला. पलीकडे चहाच्या भांड्यावर पळी आपटली. मालकांचं श्वास सोडणं ऐकू आलं. सगळं कोरडं आणि ज्याच्या त्याच्या जागी. मी त्यांना हेडफोन दिले आणि माईकमध्ये म्हटलं, "कॅनॉलचा रस्ता पहाटे वापरू नका."

त्यांनी हेडफोन काढून माझ्याकडे बघितलं. "लई उघडं वाटतंय हो ताई. अंगावर कायतरी घाला आवाजाच्या."

मी ती डबी घेतली. पावतीवर लिहून घेतलं: लॅपटॉपला जोडून तपासून दिली. मालक म्हणाले, "एवढं तर बँकवाले पण लिहून घेत न्हाईत." पण त्यांनी लिहून दिलं आणि खाली सही केली. त्या सहीमुळे मी त्यांच्यावरचा निम्मा संशय मागे घेतला.

दुपारी घरी आले आणि गोधड्यांच्या कोपऱ्यात बसून आवाज भरला. स्वच्छ, सावकाश, एकही शब्द न गिळता. आत्याला बोलावून ऐकवला. तिने हेडफोन कानाला उलटे लावले, शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "कोण हाय ही बाई? काय इकतीया?"

"मी आहे, आत्या!"

"तू अशी कुठं बोलतीस?"

एको नव्हता. तरी गादीवाली तिथेच बसली होती, माझ्या गळ्यात. "नागरिकांनी दक्षता घ्यावी," असं मी म्हटलं होतं. आमच्या वस्तीवर कोणी कोणाला नागरिक म्हणत नाही.

मी उठले आणि आत्याला माझ्या जागी बसवलं. "तूच सांग. टोळीतल्या बायांना सांगतेस तसं."

"मी न बघता सांगायची न्हाई," ती म्हणाली. "पिंजरा हाय का न्हाई, ते आधी दाखव मला."

बाबा खूश झाले. संशय आमच्या घराण्यात बाबांच्या बाजूनेच आलाय. त्यांनी तिला मोटरसायकलवर बसवून कॅनॉलच्या पुलावर नेलं. तिथून तिने पिंजरा पाहिला, आतली शेळी पाहिली, आणि परत येऊन माईकपुढे मांडी घातली.

"ए बायांनो, ऐका गं. ह्यो गादीवाला न्हाई. कॅनॉलला बिबट्या हाय. पिंजरा लावलाय, म्या डोळ्यांनी बघितलाय. पहाटंचं कॅनॉलनं जायचं न्हाई, डांबरीनं जायचं, समद्यांनी मिळून. एकटीनं जायचं न्हाई. पोरांना म्होरं घालायचं न्हाई." मग ती थांबली आणि मी काही न सुचवता पुढे म्हणाली, "हे पंचायतीनं सांगाया लावलंय. माझ्या भाचीनं घरात भरलंय. आन बोलणारी मी..." तिने आपलं नाव सांगितलं, वस्ती सांगितली.

बाबा उंबऱ्यात उभे होते. तळाची ओळ त्यांनी पहिल्यांदाच कानांनी ऐकली. चष्मा पुसायला आत गेले.

संध्याकाळी मी रिक्षात पुढे बसूनच फिरले, कारण रिक्षाच्या डब्यालाही एकोचं बटण होतं आणि चालकाचा हात सारखा तिकडे जात होता.

"थोडा तर द्या, ताई. एको न्हाई तर भोंगा बिघडल्यावानी वाटतोय."

"वाटू दे. बटणाला हात लावू नका, भाऊ."

दुसऱ्या दिवशी पहाटे टोळी डांबरीने आली. आमच्या दारापुढे थांबून एकीने हाक मारली, "काय गं, गाद्या इकायच्या बंद केल्या का?" आत्या पदर खोचत बाहेर पडली आणि त्यांच्यात मिसळली. त्या मोठमोठ्याने बोलत गेल्या आणि वळणापर्यंत मला प्रत्येकीचा आवाज ओळखू येत होता. पिंजरा तिथे होता तोवर त्या रोज डांबरीनेच गेल्या.

ती करडी डबी आता माझ्या कोपऱ्यात आहे. तिच्यावरून भरलेल्या प्रत्येक आवाजाच्या शेवटी मी तळाची ओळ घालते. काही जाहिरातवाल्यांना ती नको असते. ती कामं मी सोडून देते.

तुमच्याकडे एक मागणं आहे. पुढच्या वेळी भोंग्याची रिक्षा तुमच्या दारावरून जाईल तेव्हा तिला हात करा. चालकाला विचारा: कोण बोलतंय, कोणी बोलायला लावलंय? त्याला सांगता आलं नाही, तर ज्याने रिक्षा पाठवली त्याच्याकडे जा आणि तेवढी एक ओळ त्या आवाजात घालायला लावा. आणि जाताना एकोचं बटण शून्यावर करून या.