दोन शेड वर

"दोन शेड वर घे," प्रोड्यूसर माझ्या कानाशी येऊन म्हणाले. "हिरॉइन आहे ती."

माझ्यासमोर खुर्चीत सुमन बसली होती. सोळा वर्षांची, भोसरीची, चांगली सावळी. घरची जमीन कारखान्यांत गेली आणि वडील त्याच कारखान्यांत कामाला लागले. डायरेक्टरनं तिला शाळेच्या नाटकात हेरलं होतं. आमचा सिनेमाही अशाच मुलीचा. ठरवलेलं लग्न धुडकावून बापासमोर उभी राहणारी. मी मेकअपमन. सत्तरच्या दशकातली गोष्ट. शूटिंगचा पहिला दिवस, चिंचवडला एका कारखान्याच्या गेटसमोर.

शेड म्हणजे चेहऱ्याला लावायच्या पॅनकेकचा रंग; वर म्हणजे जास्त गोरा. एक शेड वर गेलं तर कॅमेरा खपवून घेतो. दोन गेलं की रंगीत फिल्मवर चेहरा राखाडी दिसतो आणि कान, मान, हात चुगली करतात. हे मी सांगून पाहिलं. तिचे आईबाप झालेले नटही सावळेच आहेत, मग ही कुणाची म्हणायची, असंही विचारलं.

"जमत नसेल तर राहू दे," प्रोड्यूसर थंडपणे म्हणाले. "पुण्याची एक गोरी मुलगी तयार आहे. उद्या येईल."

सुमननं ते ऐकलं. माझ्याकडे न बघता म्हणाली, "लावा काका."

मी लावलं. संताप असा आला होता की डबा फेकून द्यावासा वाटला. तिनं आरशात बघितलं आणि एवढंच म्हणाली, "आय वळखायची न्हाई."

शॉट असा होता. जनरल शिफ्ट सुटल्यावर खरे कामगार बाहेर पडणार. सुमन गेटजवळच्या नळावर पाणी पिणार, मग त्या गर्दीत बापाला गाठणार. कारखान्यानं परवानगी एकाच दिवसाची दिली होती. म्हणजे भोंगा एकदाच, गर्दी एकदाच.

भोंगा झाला. कॅमेरा सुरू झाला. सुमन नळाशी गेली, ओंजळ भरली आणि पाणी सरळ तोंडावर मारलं. परत मारलं. ओढणीनं खसाखसा पुसलं. संपलं हिचं काम, असंच वाटलं. पण डायरेक्टर 'कट' म्हणेना. ती तशीच ओल्या तोंडानं गर्दीत शिरली, बाप झालेल्या नटासमोर थांबली आणि आपलं वाक्य बोलली, "मी न्हाई करणार लगीन."

कट होताच प्रोड्यूसर माझ्याकडे धावले. रंग चढव, माणसं अजून बाहेर पडतायत, परत घेऊ. सगळं युनिट माझ्याकडे बघत होतं. मनात आणलं असतं तर झटक्यात झालं असतं.

"ओल्या चेहऱ्यावर पॅनकेक बसत नाही," मी म्हणालो. "अर्धा तास लागेल."

तेवढ्यात गेट रिकामं झालं.

आता कंटिन्युइटी आडवी आली. पात्र एका शॉटमध्ये जसं दिसलं तसंच पुढंही दिसायला हवं, याला कंटिन्युइटी म्हणतात. गेटचा शॉट टाकून देणं परवडणारं नव्हतं. त्यामुळे सुमन राहिली आणि स्वतःच्या रंगात राहिली. प्रोड्यूसर शेवटपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. सुमनला, तोंड का धुतलंस, असं विचारलं तर म्हणाली, "घाम आल्यावर तोंड धुत्यात की."

सिनेमा लागला तेव्हा आम्ही दोघं थिएटरबाहेर भेटलो. वर भलंमोठं पोस्टर होतं. गुलाबी गाल, गोरी मान, हातसुद्धा गोरेपान. सुमन बराच वेळ मान वर करून बघत राहिली.

"काका," ती म्हणाली, "ही कोण?"

त्यानंतर कुठल्याही सिनेमाचं काम घेताना मी आधी विचारायचो, पोस्टर कोण रंगवणार आहे.