गाडीत काही नव्हतं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पोरीला नाही, ज्याच्यासोबत रोज संध्याकाळी टपरीवर बसतो त्या दोस्तालाही नाही. तुम्हाला काहून सांगतोय — ठाऊक नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

नागपूरला लागून वाडी आहे, तिथं अमरावती रोडला माझं गॅरेज आहे. इंजिनाला मी हात लावत नाही. गाडी डुलते, एका बाजूला ओढते, खड्ड्यात खडखडते — असली कामं माझी. आणि त्यात माझं नाव आहे, खोटं काहून बोलू? लोक दुरून येतात. मी त्यांच्यावर ओरडतो, तरी येतात. "इतके दिवस झोपले होते का?" असं मी चांगल्या चांगल्या लोकांना तोंडावर विचारलेलं आहे.

आणि घरची गाडी? तिची पाळी सगळ्यात शेवटी. पुढच्या चाकाला जागेवर धरून ठेवणारा एक दांडा असतो, त्याला आम्ही लोअर आर्म म्हणतो. त्याच्या टोकाला रबराचा बुश असतो. तो फाटला की चाक आपल्या मनानं वागायला लागतं. आमच्या गाडीचे आर्म गेले तेव्हा मी नवे आणले नाहीत. एका गिऱ्हाइकाच्या गाडीचे काढलेले जुने आर्म कोपऱ्यात पडून होते, तेच पुसून लावले. बरे दिसत होते. घरचीच तर गाडी — चालते, म्हटलं.

त्याच सुमारास शोभानं, माझ्या बायकोनं, गाडी शिकायचं मनावर घेतलं. पन्नाशीला टेकलेली बाई! तिची आई रामटेकला एकटी राहायची, पार थकली होती. "रविवारी जाऊ" असं मी म्हणायचो, आणि रविवारी कुणाची तरी गाडी येऊन उभी राहायची. शेवटी शोभा वैतागली. तुमच्या भरवशावर राहिली तर आईचं तोंड पाहणं होणार नाही, म्हणाली. क्लास लावला, लायसन काढलं आणि एक दिवस एकटी रामटेकला जाऊन आली. परत आली तेव्हाचा तिचा चेहरा — लग्नाच्या फोटोतही तसा नाही. मला आनंद झाला का? झाला. पण थोडं टोचलंही. आता माझ्यावाचून हिचं अडत नाही, असं काहीतरी.

काही फेऱ्या झाल्या. एका संध्याकाळी मला वाढता वाढता ती म्हणाली, "अहो, ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढून राहिली. अन् जोरात असली की सरळच राहत नाही, सारखं स्टेअरिंग सांभाळा लागते. पाहून घ्या ना एकदा."

इतकं नेमकं तर माझं गिऱ्हाईकही सांगत नाही. मला तिथंच, ताटावरच, ते आर्म आठवले. आठवले, आणि डोकंच फिरलं. दिवसभर हीच कटकट ऐकायची आणि घरी येऊन बायकोकडूनही तीच? — नाही, हे खरं कारण नाही. खरं म्हणजे मी पकडला गेलो होतो. मान वर न करता म्हटलं, "गाडीत काही नाही वं. तुझाच हात हलते."

तिनं मानलं. का नाही मानणार? आख्खं नागपूर माझा शब्द मानतं.

पुढच्याच फेरीत, रामटेकच्या वाटेवर मनसरच्या अलीकडे, तिनं ट्रकच्या मागे जोरात ब्रेक मारला आणि गाडी डावीकडे जाऊन रस्त्याच्या खाली उतरली. कुणाला लागलं नाही. हळूहळू गाडी घरी आणली, किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाली, नाही जमत मले. तिचे हात खरंच कापत होते.

दुसऱ्या दिवशी मी गाडी जॅकवर घेतली. चाक वर-खाली धरून हलवलं तर हातात लटलट हललं. बुश इतका फाटलेला, की आत बोट जात होतं. गिऱ्हाइकाची गाडी असती तर मी गॅरेजच्या बाहेर जाऊ दिली नसती. आणि ही बाई ती रामटेकपर्यंत नेत होती, आणत होती, रस्त्यावर धरून ठेवत होती! हात हलतो म्हणे. मला तरी ते जमलं असतं का?

गुपचूप नवे आर्म लावले. गाडी सुतासारखी सरळ चालायला लागली.

घरी गेलो तर तिनं विचारलं, पाहिली का. एक वाक्य बोलायचं होतं. फक्त एक. मी म्हणालो, पाहिली, काही नव्हतं.

काहून? लाज वाटली म्हणून? नावाजलेल्या मेकॅनिकनं आपल्याच बायकोच्या गाडीला भंगार लावलं, असं लोक म्हणतील म्हणून? की ती पुन्हा किल्ली उचलून एकटी निघून जाईल म्हणून? मी खूप विचार केला आहे. सगळंच खरं आहे, आणि शेवटचं जास्त खरं आहे.

तिनं त्यानंतर स्टेअरिंगला हात लावला नाही. आता पोरगी सासरी आहे, घरात आम्ही दोघंच. समोरासमोर बसून जेवतो. ती बोलते, मी हूं हूं करतो. मला तिच्याशी एकच गोष्ट बोलायची असते आणि ती सोडून बाकीचं सगळं बोलणं जड जातं. गॅरेजमध्ये एखादी बाई म्हणाली ना, की गाडी ओढते — तर मी एक शब्द न बोलता गाडीखाली जातो. लोकांना वाटतं, म्हातारपणी नरमला.

एक सांगायचं राहिलं. मुद्दामच मागे ठेवत होतो.

तिनं गाडी सोडली त्याच वर्षी, एका दुपारी रामटेकहून शेजारणीचा फोन आला — लवकर ये, आई तुझं नाव घेऊन राहिली. शोभानं मला फोन लावला. मी गाडीखाली होतो, फोन गल्ल्यावर वाजत राहिला. घरासमोर आमची गाडी उभी होती, एकदम ठणठणीत. तिनं किल्ली हातात घेतली होती, असं तिनंच नंतर सांगितलं. घेतली, आणि परत ठेवली. मग ऑटो, मग बसस्टँड, मग एसटी. ती पोचली तेव्हा आई गेली होती. तासभर आधी.

मी संध्याकाळी पोचलो. अंगणात माणसं बसली होती. तिच्या मावशीनं रडता रडता विचारलं, "तुले तं गाडी येते ना वं बाई, काहून नाही आणली?"

शोभानं पदरानं तोंड पुसलं. "नाही येत मले, मावशी. माझा हात हलते. यायनं आधीच सांगतलं होतं, मीच ऐकत नव्हती."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बायकोची काळजी घेणाऱ्या माणसाकडे पाहावं, तसं पाहिलं. कुणीतरी सतरंजीवर सरकून मला तिच्या शेजारी जागा करून दिली. मी बसलो.