ढोल गोल झाला की

माणसाची रुंदी ही ज्याची त्याची खासगी बाब आहे आणि तिला कुठल्याही यंत्रानं हात लावू नये, एवढ्या एका तत्त्वासाठी आयुष्य वेचणारा माणूस साऱ्या भूतलावर एकच असेल, आणि तो माझा साडू आहे. म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. लग्नाचे व्हिडिओ जुळवणं हा त्यांचा धंदा. पण पडद्यावर ताणलेला किंवा आवळलेला माणूस दिसला की त्यांचा जीव कासावीस होतो, मग तो पडदा कुणाच्याही मालकीचा असो. माझ्या पित्ताशयातले खडे काढायला मला आमच्या शहरातल्या धंतोली भागातल्या एका दवाखान्यात ठेवलं होतं. साडू भेटायला आले. भिंतीवरच्या टीव्हीत बातम्या सांगणारी बाई आडवी पसरलेली दिसली, तसे ते माझ्याकडं न बघता थेट स्टुलावर चढले. बाई मूळ मापात आल्यावरच खाली उतरून म्हणाले, "हां, आता सांग गा, लय दुखून राहिलं का?" शेजारच्या खाटेवरचे आजोबा मात्र नाराज झाले. "पहिले चांगली भरल्या अंगाची दिसत होती," ते पुटपुटले.

त्यांची कामाची खोलीही धंतोलीतच, दोन दवाखान्यांमधल्या बोळात. दार लोटलेलं, आत अंधार आणि यंत्रांचा निळसर उजेड. त्यामुळे गावाकडून आलेले पेशंट ती एक्स-रेची खोली समजून बिनधास्त आत शिरतात. एकदा तर साडूंनी मान वळवेपर्यंत एक गृहस्थ सदरा काढून भिंतीला छाती लावून उभे होते. साडू कुणावर चिडत नाहीत. बसवतात, पाणी देतात आणि योग्य दारापर्यंत नेऊन सोडतात.

त्यांच्या कामातली खरी कटकट त्यांनी मला एकदा गादीच्या उदाहरणानं समजावली होती. जुन्या कॅसेटमध्ये रुंद चित्र आवळून भरलेलं असतं, वळकटीत गादी आवळावी तसं. ज्या प्रोग्रामात ते उतरवलं, त्याला ठाऊक असतं की दाखवताना पसरायचं आहे. पण तेच काम उचलून दुसऱ्या प्रोग्रामात नेलं की हा निरोप वाटेतच गळतो. नवा प्रोग्राम वळकटीच दाखवत बसतो आणि सगळं वऱ्हाड काठीसारखं बारीक होतं. "लोकाइले वाटते, मशीन बिघडली," साडू म्हणायचे. "मशीन नाही बिघडत गा. निरोप्या बिघडते."

गेल्या हिवाळ्यात नरखेडकडच्या एका खेड्यातून एक मुलगी त्यांच्याकडं आली. ती रांगत होती तेव्हाच तिचे वडील अपघातात गेले होते. घरात त्यांचा एक पुसट पासपोर्ट फोटो आणि आईवडिलांच्या लग्नाची, कॅसेटवरून उतरवलेली एक सीडी, एवढंच उरलेलं. आता तिचं स्वतःचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं आणि मांडवातल्या मोठ्या पडद्यावर तिला वडील दाखवायचे होते. मुलगी बुटकी, गोल चेहऱ्याची, हसरी. सीडी लावली तेव्हा मी तिथंच होतो. पडद्यावर उंच, सडपातळ नवरदेव चालत आला. ती अभिमानानं म्हणाली, "केवढे उंच होते ना बाबा! आई म्हणते मी त्याइच्यावर गेली. माह्यं मन राखाले म्हणते बिचारी."

साडूंनी माझ्याकडं पाहिलं. मला काही कळलं नाही. त्यांनी तिला एवढंच विचारलं, "मूळ कॅसेट आहे का घरी?"

होती. आईच्या शालूच्या घडीत. दुसऱ्या दिवशी मुलगी ती घेऊन आली आणि साडू कामाला लागले. त्या काळच्या कॅमेरावाल्यानं रुंदीचं बटण मनाला येईल तसं दाबलं होतं, त्यामुळे अर्धं लग्न एका मापाचं, अर्धं दुसऱ्या. सगळ्याला एकच माप लावावं तर नवरी नीट व्हायची आणि मामा फुगायचा. साडूंनी एकेक तुकडा वेगळा केला आणि प्रत्येकात समोरून दिसणारी एखादी गोल वस्तू शोधली. वरातीत ती सापडली. नवरदेवाच्या शेजारी बँडवाल्याचा मोठा ढोल, अगदी कॅमेऱ्याकडं तोंड करून. "ढोल गोल झाला की नवरदेव नीट झाला," म्हणून त्यांनी पुठ्ठ्याची चकती पडद्याला लावली आणि माप बदललं. ढोल गोल झाला. शेजारचा नवरदेव उंचीनं खाली बसला, रुंदावला, गालांनी भरला.

आणि आयुष्यात पहिल्यांदा मी साडूंना कचरताना पाहिलं. "एवढी वर्षं पोरीनं उंच बाप पाहिला," ते म्हणाले. "मी त्याले बुटका करून राहिलो. काहून करू गा?"

"मग राहू द्या तसाच," मी म्हटलं. "तिला काय कळणार आहे?"

साडूंनी चकती पुन्हा ढोलावर धरून पाहिली. मग म्हणाले, "पण तिचा बाप हा आहे ना. तो उंच तं दुसराच कोणी आहे."

लग्नाच्या तीन दिवस आधी मायलेकी एसटीनं आल्या. साडूंनी व्हिडिओ लावला. मुलगी आधी गोंधळली, मग पुढं सरकली, मग अगदी पडद्याला नाक लावून उभी राहिली. नवरदेवाचे आखूड, गुबगुबीत हात पाहून तिनं आपले हात उजेडात धरले. "काका," तिचा आवाज चिरकला, "हे तं मीच आहे!" आणि ती हसत हसत रडायला लागली.

आई दाराजवळ खुर्चीवर बसून होती. साडूंनी चित्र थांबवलं आणि भीत भीत विचारलं, "ताई, माप बरोबर आहे ना?"

ती माउली पडद्याकडं पाहतच राहिली. "बरोबर आहे," ती हळूच म्हणाली. मग पदर तोंडाला लावून हसली. "एक बोटभर जास्त दिसून राहिले. मी उंच होती ना, तं त्या दिवशी बुटात कापूस भरून आले होते. मले म्हणाले, कोणाले सांगू नको. मी आजलोक नाही सांगितलं."

ती बोटभर उंची साडूंनी तशीच राहू दिली.