पानझाक्यांच्या वस्तीत उघड्या तोंडानं झोपलो

सन १९७१. तेव्हा मी बत्तीस वर्षांचा होतो. शिक्षण तिसरी, पण डोकं माहं सरळ चालते, हे पहिलेच सांगून ठेवतो. माह्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हाच घरातले देव अन् भुतं दोन्ही बाहेर काढले. कोणी अंगात येण्याच्या गोष्टी काढल्या की मी उठून जाणारा माणूस. म्हणूनच हे इतके दिवस लिहिलं नाही... लोक म्हणतील, म्हातारा आता भ्याला.

मी शहरात, इतवारी बाजारातल्या एका किराणा शेटकडे कामाले होतो. उन्हाळ्यात शेट मले भिवापूरच्या पलीकडे जंगलात चारोळी आणायले पाठवे. मीठ द्यायचं, चारोळी घ्यायची. त्या साली नेहमीच्या गावात माल नव्हता, म्हणून मी आणखी आत गेलो. तिथं एक लहानशी वस्ती होती. आजूबाजूचे गाववाले त्यांले 'पानझाके' म्हणत. त्यांची ना कोणाशी सोयरीक, ना बाजारात येणं.

त्यांचं सारंच अलग. झऱ्यावर पाणी प्यायच्या आधी ते हातानं ढवळत — आपलं तोंड, म्हणजे चेहरा, पाण्यात राहून जाऊ नये म्हणून. लेकरू बोलायले लागेपर्यंत त्याच्या तोंडाले राख. अन् झोपताना, दिवसा असो की रात्री, तोंडावर पळसाची टाचलेली पानं. मेलेल्याचं तोंड मात्र उघडं ठेवून जंगलात नेत. वस्तीतल्या एका बुढीले मोडकंतोडकं मराठी येत होतं. मी तिले विचारलं, "काहून वं माय, मेलेल्याचंच काहून उघडं?"

"ते आता जंगलाचं. जंगलाले सोताचं तोंड नाही ना, बापू. झोपलेल्याचं पाहून पाहून शिकते."

दुपारी भाकर खाऊन मी मोहाच्या सावलीत आडवा झालो. बुढी पानं घेऊन आली. मी म्हटलं, "माय, हे थोबाड माही बायको धड पाहत नाही, तुहं जंगल काय पाहील!" ती हसली नाही. पानं माह्या छातीवर ठेवून गेली. मी ती फेकली अन् झोपलो.

जाग आली तं सारी वस्ती माह्याकडे पाठ करून बसली होती. लेकरंसुद्धा. माह्या बाजूले वाळल्या पाल्यात कोणी लोळल्यासारखी जागा दबली होती... बरोबर माह्याएवढी लांब.

"काय झालं वं माय?"

"घरी जाय लवकर," बुढी पाठमोरीच बोलली. "त्याले आता तोंड भेटलं. घर बी पाहिजे."

घरी माही बायको शांता अन् चार वर्षांची बेबी, दोघीच होत्या. मी भ्यालो नव्हतो, पण पाय आपोआप उचलत होते. भिवापूरहून छोटी गाडी, अरुंद रुळाची रेल्वे, धरली अन् दुसऱ्या दिवशी भर दुपारी इतवारीत उतरलो.

गल्लीच्या तोंडाशी शेजारचा किसना भेटला. "काय गा, मघाशी जय भीम घातला तं पाहून न पाहिल्यासारखा गेला. शेट झाला का?"

"मी आत्ता गाडीतून उतरून राहिलो."

"मंग तुहा जुळा भाऊ होता का?" तो हसला. मले भाऊ नाही.

मी पळतच घर गाठलं. दारात पाय ठेवला अन् बेबी खाटेखालून ओरडली, "आई, दुसराही आला!"

शांता चुलीपाशी उभी होती. थाळीत भाकर तशीच पडलेली. "कोण आलं होतं वं?" मी विचारलं.

"तुम्हीच." ती मागं सरकली. "उन्हातून आले अन् अंगाले घाम नाही. बोलले नाही, जेवले नाही. नुसते बेबीकडे पाहून राहिले. मंग दारात जाऊन तिले हात केला... ये म्हणून. मी म्हटलं जाय, बाबा बोलावते. पोरगी गेली नाही म्हणून वाचली."

"शांता, मी हाव."

"तेही असंच उभं होतं," ती म्हणाली, अन् तिनं फुकणी उचलली.

मी घामानं निथळून राहिलो होतो. लोटाभर पाणी तिच्यासमोर प्यालो, तेव्हा तिनं फुकणी खाली ठेवली. बेबी मात्र रात्रीपर्यंत खाटेखालून निघाली नाही. माही पोरगी, अन् मी हात पुढं केला की किंचाळे.

शेट म्हणे, ऊन लागलं तुले. मले लागलं असंल गा. पण बायकोले, पोरीले अन् किसनाले एकाच वक्ती कसं लागंल? ते पुन्हा आलं नाही... की मी घरी नसताना आलं, तेही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी न्हाव्याकडे गेलो. साऱ्या इतवारीत माही मिशी मशहूर होती. बाप गेला तेव्हाही मी ती काढली नव्हती, कारण आम्ही तो रिवाज सोडला.

न्हाव्यानं वस्तरा हातात घेऊन विचारलं, "काय गा, घरी कोण गेलं?"

"कोणी जाऊ नये म्हणून काढ," मी म्हटलं.

घरी येऊन दाराबाहेरच बसलो. "बेबी, मिशीवाला आला तं दार उघडायचं नाही," मी सांगितलं. ती हळूहळू उंबऱ्यापर्यंत आली. माह्या ओठावर बोट फिरवून पाहिलं. मंग कडेवर आली.