एवढा मोठा टेप कशाला?

गावात राहायला आलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते आपल्या पायांनी ओट्यावर येऊन बसतात, चहा घेतात आणि जाताना मागे आणखी एक सोडून जातात! माझ्याकडे तर एकाच वस्तूपायी इतके साठलेत की ती वस्तू घेतली कशासाठी, हेच लोकांना सांगायचं राहून जातं.

तर ती वस्तू. नोकरीपायी वीसेक वर्षं मी मस्कतला काढली. बायको, सुमन, इकडे आणि मी तिकडे. परत आल्यावर खोडदच्या मळ्यात छोटं घर बांधलं आणि पहिली हौस कोणती केली असेल, तर हाय-फाय सिस्टीम जुळवायला घेतली. ॲम्प्लिफायर एकीकडून, रेकॉर्ड प्लेअर दुसरीकडून, स्पीकर तिसरीकडून. गावात या सगळ्या प्रकाराला मिळून एकच शब्द आहे, 'टेप'. "टेप आला का?" "टेप वाजतो का?" आता मीही टेपच म्हणतो. कोण वाद घालणार!

*

पहिली खोकी पुण्याहून निघाली. कुरिअरवाल्याचा फोन आला, "सर, खोडदमध्ये नक्की कुठं?"

मी म्हटलं, "त्या मोठ्या अँटेना दिसतात ना, त्यांच्या पुढं या."

"ओके सर," म्हणाला आणि गायब! बऱ्याच वेळाने दुसऱ्याच नंबरवरून फोन. "पावणं, मी दुर्बिणीच्या गेटवरचा वॉचमन बोलतोय. तुमचं मशीन हितं आलंय. आमचं साहेब म्हणत्यात, आपुन तर काय मागवलं न्हाई!"

कुरिअरवाल्याचं तरी काय चुकलं? खोक्यावर ॲम्प्लिफायर लिहिलेलं, पत्ता खोडदचा, आणि खोडदला आभाळातल्या रेडिओलहरी टिपणारी ती मोठी दुर्बीण. असलं काही मागवणारा दुसरा कोण असणार? मी टेम्पो घेऊन गेलो. वॉचमन भला माणूस, खोकी चढवू लागला. म्हणाला, "आमच्या अँटेना आभाळातलं ऐकत्यात. तुमचं मशीन काय ऐकतं?"

"हे ऐकत नाही हो, नुसतं वाजतं."

त्याने दचकून इकडे तिकडे बघितलं. "मंग लवकर घेऊन जावा भाऊ! हितं वाजल्यालं चालत न्हाई!"

*

स्पीकर तयार आणले होते, पण ते आतले नुसते भोंगे. त्यांची खोकी इथल्या सुताराकडून करून घ्यायची मी ठरवलं. बाळू मिस्त्रीला मापं लिहून दिली. जाड लाकूड, चारी बाजूंनी हवाबंद, आणि खाली फक्त एक गोल भोक. त्या भोकातून हवा आतबाहेर होते आणि ढोलकीला वजन येतं, हेही त्याला समजावलं. मिस्त्री सगळं ऐकून "हां हां" म्हणाला.

खोकी आली. काम इतकं सुबक की हात फिरवत बसावं. जोडणी केली, गाणं लावलं, तर ढोलकी डबा वाजवल्यासारखी! वाकून बघतो तर भोकावर आतून बारीक जाळी, तिच्यावर पत्रा, आणि पत्र्याला चार स्क्रू.

मी फोन केला, "मिस्त्री, हे काय केलंत?"

"मळ्यात ऱ्हाताय राव तुमी! भोक उघडं ठेवलं असतं तर उंदरं शिरली असती. लई इचार करून बसवलंय. त्याचं पैसं नाय लावलं!"

सुमन मागून म्हणाली, "मिस्त्रीला अक्कल हाय."

*

आमचे शेजारी किसनभाऊ. त्यांचा बांध आमच्या बांधाला लागून. त्यांनी ते दोन उंच बॉक्स बघितले आणि पहिला प्रश्न केला, "वाघासाठी का?"

आमच्याकडे ऊस उभा राहिला की वाघ येतो. वाघ म्हणजे बिबट्या, पण त्याला बिबट्या फक्त पेपरवाले म्हणतात. तो लांब राहावा म्हणून लोक गोठ्यात रेडिओ चालू ठेवतात. बातम्या, जाहिराती, शेतीसल्ला, काही का लागेना, आवाज पाहिजे. त्यामुळे माणूस एवढा खर्च स्वतःसाठी करील, हे किसनभाऊंच्या डोक्यातच आलं नाही.

"जरा लावा की," ते म्हणाले. मी एक जुनं भावगीत लावलं. बासरी, मागे हलका तबला. भाऊंनी दोन कडवी मन लावून ऐकली आणि खेदाने मान हलवली.

"पैसं वाया गेलं राव तुमचं. ह्यानं वाघ जायचा न्हाई. उलट ऐकाया येऊन बसंल!"

*

आता खुर्चीचा किस्सा. हा सांगताना मला अजून थोडं जड जातं.

लग्नानंतर आम्ही नारायणगावात एका खोलीत राहायचो. तेव्हा माझ्याकडे हाताने जुळवलेली सिस्टीम होती. संध्याकाळी मी गाणं लावायचो आणि सुमन काम करता करता त्यात मिसळायची. जोडगीत असलं की बाईचं कडवं तिचं, बाप्याचं माझं. माझा गळा म्हणजे दळण, पण ती हसायची नाही. मस्कतला जाताना सिस्टीम विकली. तिथे एका खोलीत आम्ही सहा जण. कुणाची झोप मोडू नये म्हणून कानात इअरफोन घालून ऐकायचं. गाणं अगदी कानात यायचं, पण बाईच्या कडव्याला मला उगाच चुकल्यासारखं व्हायचं. खरं सांगतो, हा सगळा खटाटोप मी तिच्या त्या आवाजासाठी केला.

तिला तसं म्हणालोही. ती म्हणाली, "गळा गंजला आता. इतकी वर्षं कुणाला ऐकवायचं व्हतं?" खरंच होतं ते. खोडदला राहायला आल्यापासून गावात तिला गाताना कुणीही ऐकलेलं नाही.

तरी मी मोजपट्टी लावून दोन्ही स्पीकरपासून मापं घेतली आणि जिथून सगळ्यात छान ऐकू येतं ती जागा शोधून तिथे खुर्ची ठेवली. सुमन बघत होती. म्हणाली, "एकाच माणसाची जागा हाय व्हय ही?"

मी घाईघाईने दुसरी खुर्ची आणून शेजारी ठेवली. "ही तुझी."

"माझी?"

"तुझीच."

दुसऱ्या दिवशी त्या खुर्चीवर धुतलेल्या कपड्यांचा हा ढीग! मी काही बोलायच्या आत बाईसाहेब म्हणाल्या, "माझी हाय ना? मंग माझी कापडं हाईत."

*

एका सकाळी बघतो तर ॲम्प्लिफायरवर क्रोशाचा रुमाल! चारी बाजूंनी झालर, मधोमध मोर. आमच्याकडे घरात नवीन मशीन आलं की त्याला हळदकुंकू लागतं आणि वर रुमाल पडतो. मिक्सरला आहे, टीव्हीला आहे, मग यालाच का नको?

"अगं, हे तापतं," मी म्हणालो. "त्याला हवा लागते."

तिने हात लावून बघितलं. "व्हय की, ऊन लागतंय." मला हायसं वाटलं. मग ती रुमालाची झालर सारखी करत म्हणाली, "उन्हाळा लागला की काढू!"

पण रुमाल तिने नवा विणलेला होता. म्हणजे कधीतरी, माझ्या नकळत, त्या मशीनसाठी ती विणत बसली होती. मी तो काढला नाही. ॲम्प्लिफायरच भिंतीपासून थोडा पुढे ओढला.

*

आणि हा मागच्या आठवड्यातला.

दुपार कलली होती. किसनभाऊ बेल्ह्याच्या बाजारातून गाय न घेताच परतलेले, त्यामुळे तोंड उतरलेलं. म्हटलं, बसा, तुम्हाला एक गंमत ऐकवतो. त्यांना माझ्या खुर्चीत बसवलं आणि जुन्या जोडगीताची रेकॉर्ड लावली. त्या रेकॉर्डवर बाप्याचा आवाज डाव्या बॉक्समधून येतो आणि बाईचा उजव्या. उजवा बॉक्स स्वयंपाकघराच्या दाराला अगदी खेटून आहे, कारण दुसरी जागाच नाही. आत सुमन भाकऱ्या थापत होती.

"डोळं मिटून ऐका, भाऊ."

भाऊंनी डोळे गच्च मिटले. पहिलं कडवं होताच खूश! "अरारा! हकडं बाप्या, तकडं बाई! मधी भिंत घातलीय का काय?"

दुसऱ्यांदा बाप्याचं कडवं आलं, संपलं, आणि लाईट गेली, टेप बंद. दिवसाउजेडी लाईट गेलेली मिटल्या डोळ्यांना कळत नाही. मी भाऊंना सांगणार, तेवढ्यात बाईचं कडवं सुरू झालं.

स्वयंपाकघरातून. हळू, थोडं जाड, एका जागी चिरकलेलं, पण बरोबर जागेवर उचललेलं. मी होतो तिथेच उभा राहिलो. श्वाससुद्धा जपून घेत होतो.

भाऊ मान डोलवत होते. "काय क्लिअर हाय राव! भाकरी थापल्याचा आवाज बी टाकलाय!"

कडवं संपलं. आतली थापथाप थांबली. बाहेर गोठ्यातली घंटा तेवढी वाजली.

भाऊंनी जरा वेळ वाट बघितली. मग डोळे न उघडताच डावीकडे बोट केलं.

"राव, बाईचा बॉक्स चालू हाय. बाप्याचाच बंद पडलाय बगा!"

मी घसा खाकरला.